मॉडेल रेल्वेचं इलेक्ट्रिक इंजिन : कोणतं घ्यावं आणि मोबाईलवरून कसं चालवावं

इन्स्टावर एखादी रील येते. टेबलाएवढ्या फळीवर छोटीशी गाडी वळण घेत जातेय, इंजिनाचे हेडलाइट चालू आहेत, हॉर्न वाजतोय आणि चालवणारा नुसता फोनच्या स्क्रीनवर अंगठा सरकवतोय. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न : "कुठे मिळेल?" मिळायला बऱ्याच ठिकाणी मिळतं. पण कोणतं इंजिन, कोणत्या रुळावर, कोणत्या कंट्रोलवर हे आधी ठरलं नसेल तर आलेला खोका थेट शोकेसमध्ये जाऊन बसतो.

माझ्या मावसभावाने पहिल्या इंटर्नशिपचे पैसे यासाठी बाजूला ठेवलेत. डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये चार माणसं, त्यामुळे जे काय होईल ते पलंगाखाली सरकवता आलं पाहिजे, ही मावशीची अट. चांगलं इंजिन साधारण मिड-रेंज फोनच्या भावात जातं, बहुतेक वेळा बाहेरून मागवावं लागतं, वर कस्टम ड्युटी आणि कुरिअर. परत पाठवायचं म्हटलं तर तो खर्चही आपलाच. म्हणजे चान्स एकच. गेले काही आठवडे मी त्याला व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने जे सांगतेय ते इथे एकत्र मांडलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मॉडेलच्या बाबतीत "इलेक्ट्रिक" म्हणजे आतली मोटर. मॉडेल दिसायला वाफेचं इंजिन असो की डिझेल, आत छोटी डीसी मोटर असते आणि वीज रुळांतून चाकांमार्गे वर येते. पेंटोग्राफवाल्या इंजिनाचंही तसंच. डोक्यावरची तार बहुतेक लेआउटवर दिसण्यापुरती असते. काही जुन्या युरोपियन मॉडेल्समध्ये वीज रुळातून घ्यायची की तारेतून, हे ठरवायला छोटा स्विच असतो. तो चुकून तारेच्या बाजूला राहिला तर इंजिन जागचं हलत नाही आणि विकणारा ते "डेड" म्हणून स्वस्तात काढतो. सेकंडहँड बघताना हे ध्यानात ठेवा.

स्केल : आधी पलंगाची लांबी मोजा

सगळ्यात जास्त चालणारं स्केल एचओ, म्हणजे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. त्याखालोखाल एन स्केल, १:१६० आणि ९ मिमी. ब्रिटिश मॉडेल्स बहुधा ओओ म्हणजे १:७६ मध्ये येतात, पण चालतात एचओच्याच १६.५ मिमी रुळावर. झेड स्केल १:२२०, रूळ ६.५ मिमी, गोंडस आहे, पण पहिलं इंजिन म्हणून मी कुणाला सुचवणार नाही, कारण धुळीचा एक कण आला तरी ते अडतं.

आकडे नुसते वाचून अंदाज येत नाही, म्हणून आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब. एचओमध्ये तो २७ सेंमी होतो, एनमध्ये १५ सेंमीला थोडा कमी. २४ डब्यांची पूर्ण गाडी एचओमध्ये करायची तर नुसते डबेच साडेसहा मीटर! डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गाडीचं तोंड हॉलमध्ये आणि शेपूट जिन्यात. त्यामुळे इंजिन आणि चार-पाच डबे हेच वास्तव धरून चला.

त्याहून महत्त्वाचं असतं वळण. एचओच्या स्टार्टर सेटमधलं सर्वांत छोटं वळण साधारण ३६ सेंमी त्रिज्येचं. चार आसांची छोटी इंजिनं त्यावर आरामात फिरतात. सहा आसांचं लांब इंजिन (आपल्या डब्ल्यूएपी-७ सारखं, प्रत्येक बोगीला तीन आस) तिथे अडखळतं किंवा घसरतं, त्याला ५५ सेंमीच्या आसपास त्रिज्या दिलेली बरी. म्हणजे गोल पूर्ण करायला फळी किमान सव्वा मीटर रुंद हवी, आणि ती पलंगाखाली जात नाही. एन स्केलमध्ये काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक रूळ २८.२ सेंमी त्रिज्येचे मिळतात. त्यांचा ओव्हल ६० बाय १२० सेंमीच्या फळीवर बसतो, कडेला जेमतेम जागा उरते. मावशीच्या अटीत बसणारं गणित हेच होतं.

फळीवर घाट करायचा मोह आवरा. बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. तोच चढ १२० सेंमीच्या फळीवर सरळ घेतला तर उंची मिळते जेमतेम सव्वातीन सेंमी. एन स्केलची गाडीसुद्धा त्या पुलाखालून जाणार नाही.

"मला भारतीय रेल्वेचंच इंजिन पाहिजे" हा हट्ट मला समजतो. कल्याण यार्ड बघत मोठा झालेला मुलगा दुसरं काय मागणार? भारतीय मॉडेल्स बनवणारे छोटे उत्पादक आहेत, पण संख्या कमी आणि किंमत जास्त. शिवाय एक गंमत आहे. १६.५ मिमी हे अंतर जगातल्या १४३५ मिमी स्टँडर्ड गेजला ८७ ने भागून आलंय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. तो काटेकोर केला तर १९ मिमीच्या थोडा वर जातो आणि असे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. म्हणून एचओमधली भारतीय इंजिनं १६.५ मिमीवरच चालवतात, समोरून बघितलं तर जरा अरुंद पायांची वाटतात. मला ते खटकत नाही, पण काहींना खटकतं. पुण्यात किंवा जवळपास असाल तर खरेदीआधी कोथरूडचं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे बघून या. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. गाड्या डोळ्यांसमोर धावताना पाहिल्यावर आपल्याला नक्की काय आवडतंय ते लवकर कळतं.

एसी की डीसी? इथे पैसे बुडतात

युरोपियन दुकानांच्या साइटवर तेच इंजिन दोन किमतींना दिसतं, एकापुढे डीसी, दुसऱ्यापुढे एसी. एसी म्हणजे मार्कलिनची तीन-रुळी पद्धत. त्यात दोन्ही बाजूंचे रूळ विजेच्या दृष्टीने एकच, आणि मधल्या बारीक खिळ्यांवरून इंजिनाच्या पोटाखालची पट्टी घासत वीज घेते. या इंजिनांची दोन्हीकडची चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. असं इंजिन साध्या दोन-रुळी ट्रॅकवर ठेवलं की त्या क्षणी शॉर्ट सर्किट. ऑफरमध्ये स्वस्त दिसलं म्हणून एसी घेऊ नका, जोपर्यंत पूर्ण सिस्टीमच मार्कलिनची करायची नाही.

मार्कलिनचं सगळ्यात ओळखीचं मॉडेल म्हणजे स्विस "क्रोकोडाईल". आपल्या घाटातलं "खेकडा" इंजिन, म्हणजे डब्ल्यूसीजी-१, हा त्याचाच चुलतभाऊ. पहिली खेकडा इंजिनं विंटरथुरच्या एसएलएम कारखान्यातून १९२८ च्या सुमाराला जीआयपी रेल्वेकडे आली. ज्यांच्या आजोबांनी ती कर्जत-लोणावळा चढताना पाहिलीत, त्यांना क्रोकोडाईल बघून गलबलून येतं आणि हात पाकिटाकडे जातो. घ्या, पण डीसी आवृत्ती आहे का ते विचारून.

दुसरा सापळा प्लगचा. अमेरिकन सेटबरोबर येणारा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो, जपानी १०० चा. आपल्या घरात २३०. ओळखीतल्या एका काकांनी अमेरिकेहून नातवासाठी सेट आणला, पिन बसेना म्हणून कन्व्हर्टर प्लग लावला. कन्व्हर्टर प्लग पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. पॉवर पॅक जळाला, वास दोन दिवस घरात होता. ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट असं स्पष्ट छापलेलं नसेल तर तो भारतात लावायचाच नाही.

इंजिनाच्या आत काय बघायचं

फोटोत रंग आणि डिटेल दिसतात. चालणं आतल्या यंत्रावर ठरतं. वर्णनात पुढच्या गोष्टी शोधा. पाच पोलची किंवा कोअरलेस मोटर, कारण तीन पोलची मोटर कमी वेगाला धक्के देत चालते. मोटरच्या शाफ्टवर फ्लायव्हील, म्हणजे क्षणभर वीज तुटली तरी गाडी लोटली जाते. दोन्ही बोगींना ड्राइव्ह. आणि सगळ्या चाकांमधून वीज घेण्याची सोय. ही शेवटची गोष्ट मी सगळ्यात वर ठेवते. स्वस्त इंजिनांत एकाच बोगीला मोटर आणि मोजक्याच चाकांतून वीज असते. सांध्यावर, म्हणजे जिथे गाडी रूळ बदलते तिथे, ती थांबतात आणि मग बोटाने ढकला.

डिजिटल कंट्रोलचा विचार असेल तर तीन लेबलं वेगळी ओळखा. "डीसीसी रेडी" म्हणजे आत फक्त सॉकेट आहे, डिकोडर तुम्ही विकत घ्यायचा. "डीसीसी फिटेड" म्हणजे डिकोडर आत आहे. "डीसीसी साउंड" म्हणजे स्पीकरसुद्धा. माझ्या भावाला एका ऑनलाइन विक्रेत्याने "रेडी" म्हणजे "लगेच चालेल" असं बिनधास्त सांगितलं होतं. सॉकेटचे प्रकारही निरनिराळे आहेत : जुन्या एचओमध्ये ८ पिन, नव्यात २१ पिन किंवा प्लक्स-२२, एनमध्ये ६ पिन किंवा नेक्स्ट-१८. काही एन इंजिनांत सॉकेट नसून आतला सर्किट बोर्डच बदलावा लागतो. डिकोडर ऑर्डर करण्याआधी इंजिनाच्या मॅन्युअलमधून हे नाव कॉपी-पेस्ट करा, अंदाजाने नको.

डीसीसी नेमकं करतं काय

साध्या डीसी पद्धतीत रुळाला ० ते १२ व्होल्ट द्यायचे. जास्त व्होल्ट, जास्त वेग. उजवा रूळ प्लस केला की इंजिन पुढे, उलट केला की मागे. सोपं, स्वस्त आणि एका इंजिनासाठी पुरेसं. अडचण दुसरं इंजिन ठेवल्यावर येते. वीज दोघांनाही मिळते, म्हणून दोघं एकदम पळतात.

डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओसाठी साधारण १४-१६, एनसाठी थोडं कमी. त्याची पोलॅरिटी सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या टायमिंगमध्ये डेटा लपलेला असतो. अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, शंभर किंवा जास्त असेल तर ०. म्हणजे तोच रूळ वायरही आहे आणि नेटवर्क केबलही. मूळ तंत्र जर्मनीच्या लेन्झ कंपनीचं, पुढे अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेने १९९० च्या दशकात त्याचं स्टँडर्ड केलं. त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीच्या डिकोडरशी बोलतो. फोन चार्जरच्या बाबतीत जे आपल्याला इतक्या उशिरा मिळालं, ते या छंदवाल्यांनी तेव्हाच करून टाकलं होतं.

एक खरा पॅकेट बघा. सुरुवातीला किमान १४ वेळा १, म्हणजे "लक्ष द्या". मग इंजिनाचा पत्ता : ००००००११, म्हणजे ३ नंबर. मग हुकूम : ०१११०१००, म्हणजे २८ पायऱ्यांपैकी सहाव्या पायरीवर पुढे जा. शेवटी दोन्हींचा एक्सओआर : ०१११०१११. डिकोडर स्वतः एक्सओआर काढतो, जुळला नाही तर पॅकेट फेकून देतो. या सगळ्याला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. एवढं साधं प्रोटोकॉल आहे की कॉलेजच्या मायक्रोकंट्रोलर लॅबमध्ये करता येईल. मला वाटतं लॅबमध्ये एलईडी ब्लिंक करायला लावतात त्याऐवजी हेच लावायला हवं.

सावधगिरी एकच : डिकोडर नसलेलं साधं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. ते जागेवर गुणगुणतं आणि मोटर तापत राहते.

फोनवरून चालवायचे रस्ते

सगळ्यात सरळ रस्ता ब्लूटूथचा. हॉर्न्बीचे एचएम-७००० डिकोडर थेट फोनशी जोडले जातात, मधे कंट्रोलर लागत नाही. रुळाला फक्त स्थिर वीज द्यायची. दुसरा रस्ता रोकोच्या झेड-२१ सारख्या तयार कंट्रोल बॉक्सचा, जो वायफायवर ॲपशी बोलतो. महाग आहे, पण निवांत.

तिसरा आणि माझा आवडता, डीसीसी-ईएक्स. हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे. अर्दुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड, एक वायफाय मॉड्यूल आणि बाहेरचा डीसी ॲडॉप्टर, झालं कमांड स्टेशन. फोनवर अँड्रॉइडसाठी इंजिन ड्रायव्हर, आयफोनसाठी वायथ्रॉटल. वायफायला जोडा, ॲपमध्ये पोर्ट २५६० टाका, पत्ता ३ निवडा (नव्या डिकोडरचा तोच असतो) आणि स्लायडर हलवा. ड्रॉवरमध्ये पडलेला, बॅटरी अर्धी गेलेली असा जुना फोन या कामाला उत्तम. मेन फोनवर गाडी चालवताना ऐन वळणावर कॉल येतो.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. अर्दुइनोच्या मूळ मोटर शील्डमध्ये व्होल्टेज थोडं खाली पडतं, म्हणून एनला १२-१३ आणि एचओला १४-१५ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो. पण मग शील्डवरची व्हीइन नावाची जोडणी तोडावीच लागते, नाहीतर तेच व्होल्टेज खाली मेगामध्ये घुसून बोर्ड जातो. डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे कापायचं त्याचा फोटो आहे. दुसरं, रूळ लावून झाले की नाण्याची चाचणी. वीज चालू ठेवून एक नाणं दोन्ही रुळांवर क्षणभर आडवं टेकवा. कमांड स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. लेआउटच्या लांबच्या कोपऱ्यातही करा, प्रत्येक ठिकाणी. एखाद्या जागी तोडत नसेल तर तिथली वायर बारीक आहे किंवा सांधणी ढिली आहे, आणि उद्या इंजिन तिथे घसरलं की बोगी वितळेपर्यंत करंट वाहत राहील.

पहिला दिवस

इंजिन खोक्यातून काढलं की लगेच फुल स्पीड नाही. मध्यम वेगात अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, डबे न लावता. यात मोटरचे ब्रश बसतात आणि गिअरमधलं ग्रीस पसरतं. अपवाद, मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका.

मग सेटिंग. डिकोडरच्या सेटिंग्जना सीव्ही म्हणतात, नंबर आणि त्यापुढे किंमत. १ म्हणजे पत्ता, ३ म्हणजे वेग घेण्याचा सावकाशपणा, ४ म्हणजे थांबण्याचा, ५ म्हणजे कमाल वेग. मी पहिल्यांदा ३ आणि ४ वाढवते. स्लायडर झटक्यात वर नेला तरी इंजिन खऱ्यासारखं जड अंगाने उठतं. पण ४ फार वाढवू नका, ब्रेक लागेपर्यंत गाडी फळीवरून खाली. फळीच्या कडेला दोन-तीन सेंमीची पट्टी ठोका, जमिनीवर पडलेलं इंजिन क्वचितच पूर्वीसारखं होतं. इंजिन अचानक स्वतःहून सुसाट सुटत असेल तर सीव्ही २९ बघा. ते बहुधा ६ असतं; २ केलं की डिकोडर साध्या डीसीला प्रतिसाद देणं बंद करतो आणि बरेचदा हा रोग जातो. सेटिंग्जचा गोंधळ झाला तर बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की फॅक्टरी रीसेट होतं.

नवे लोक गाडी फार पळवतात. ताशी १०० किमी वेग एचओमध्ये सेकंदाला फक्त ३२ सेंमी असतो. तुमचा वेग मोजायचा तर रुळावर एक मीटरच्या खुणा करा, फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. एचओसाठी ३१३ भागिले सेकंद, एनसाठी ५७६ भागिले सेकंद. उत्तर किमी प्रतितास. एनमध्ये एक मीटरला दहा सेकंद म्हणजे ताशी ५८. ओव्हलवर एवढाच वेग डोळ्यांना बरा दिसतो. फोनचा स्लो-मोशन कॅमेराही इथे कामाला येतो. रुळाच्या उंचीवरून शूट करा, कुठलं चाक कुठल्या सांधणीवर उडतंय ते लगेच दिसतं.

रूळ, धूळ आणि पावसाळा

इंजिन अडखळलं की लोक डिकोडरला दोष देतात. दहातल्या नऊ वेळा दोष घाणीचा असतो. चाक आणि रूळ यांचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढ्या जागी होतो, तिथे काळा थर बसला की डेटा आणि वीज दोन्ही तुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन रूळ पुसा. चाकांसाठी तेच कापड रुळावर आडवं टाका, इंजिनाची एक बोगी त्यावर ठेवून दुसरीतून वीज द्या, चाकं फिरत फिरत स्वतः साफ होतात. सँडपेपर बिलकुल नको. त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये घाण आणखी जोरात साचते.

विकत घेताना रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळेचे स्वस्त पडतात, पण त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज नीट जाऊ देत नाही, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो थर भराभर चढतो. स्टीलचे गंजतात. जून ते सप्टेंबर इंजिन उघड्यावर ठेवू नका. खोक्यात, सिलिका जेलच्या एक-दोन पुड्यांसह. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दहा मिनिटं चालवा. तेल वर्षातून एकदा, प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि फक्त आसांच्या टोकांना. मोटरच्या ब्रशजवळ तेल गेलं की मोटर उघडून साफ करण्यावाचून इलाज नसतो. शिलाई मशीनचं तेल घरात आहे म्हणून ते ओतायला जाऊ नका, बाटलीवर प्लास्टिकबद्दल काही लिहिलं नसेल तर ती तिथेच राहू द्या.